मॅट्स बारचा जूसी लूसी : मिनियापोलिसला आलात तर इथे जाच

थंडीतला_मराठी

मिनियापोलिसला ऑफिसच्या कामाने कुणी यायचं म्हटलं की पहिला प्रश्न मॉल ऑफ अमेरिकेचा असतो आणि दुसरा जेवायचं कुठे. मेडट्रॉनिक, टार्गेट, युनायटेड हेल्थ या इथल्या कंपन्यांमुळे पुण्या-मुंबईहून माणसांची ये-जा सतत चालू असते आणि त्यातले बरेच जण हॉटेल ते ऑफिस, ऑफिस ते इंडियन रेस्टॉरंट एवढंच करून परत जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

बीफ खात असाल तर साऊथ मिनियापोलिसमधे सीडर अ‍ॅव्हेन्यू आणि ३५व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मॅट्स बार आहे, तिथे जा आणि जूसी लूसी मागवा. खात नसाल तरी धागा वाचा, कारण गोष्ट नुसत्या बर्गरची नाहीये.

जूसी लूसी म्हणजे चीजबर्गरच, पण चीज वर नाही, आत. बीफच्या खिम्याच्या दोन पातळ चकत्या, मधे अमेरिकन चीज, आणि कडा दाबून सगळीकडून बंद करायचं, उंड्यात पुरण भरून तोंड मिटतो ना तसं. मग ते ग्रिडलवर, म्हणजे सपाट लोखंडी तव्यावर टाकायचं. बाहेरून मांस खरपूस होत जातं आणि आत चीज वितळून अक्षरशः उकळायला लागतं. बनमधे परतलेला कांदा आणि पिकल (आंबवलेल्या काकडीच्या चकत्या), बास. लेट्यूस नाही, टोमॅटो नाही, कुठला खास सॉस नाही. मेणकागदात गुंडाळून समोर येतो आणि शेजारी फ्राइजची टोपली.

१९५४ साली मॅट ब्रिस्टल यांनी हा बार घेतला, त्याआधी इथे मिस्टर निब्ज नावाचा बार होता. बारवाले सांगतात की त्याच वर्षी एका गिऱ्हाइकाने दोन पॅटीच्या मधे चीज घालून द्या म्हणून सांगितलं आणि पहिल्या घासाला तोंड पुसत जे काही उद्गारला त्यावरूनच नाव पडलं. मेन्यूवर ज्यूसीच्या स्पेलिंगमधला आय राहून गेला तो आजतागायत घातलेला नाही. मॅट्सवाले तर सांगतात की स्पेलिंग बरोबर दिसलं तर समजा तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलायत :)

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. चीज भरलेला बर्गर आता सगळीकडे मिळतो, इथल्या अर्ध्याअधिक बारमधे आहे, यूट्यूबवर शेकड्याने रेसिप्या आहेत. तरी तो मॅट्समधेच जाऊन खायचा, कारण त्या बारच्या मर्यादांमधूनच तो तसा झालाय असं माझं मत आहे. ग्रिडल काउंटरच्या मागे, तुमच्या डोळ्यासमोर, आणि छोटं आहे. एका वेळी जेवढे मावतात तेवढेच होणार, गर्दी असली तरी तेवढेच. स्वैपाकघर म्हणावं असं काही वेगळं दिसत नाही, बिअर ओतणारा आणि बर्गर उलटणारा एकमेकांना कोपर लागेल इतके जवळ उभे असतात. त्या एका तव्यावर वर्षानुवर्षं तोच कांदा, तेच मांस, त्यामुळे त्याला जी चव चढलीय ती नवीन चकचकीत किचनमधे पहिल्या दिवशी कुठून येणार? आणि भरलेला बर्गर घाईत होतच नाही, पातळ पॅटीसारखा चटकन उरकता येत नाही, मांस आतपर्यंत शिजायला लागतं आणि चीजला वितळायला वेळ द्यावा लागतो. म्हणून इथे वाट बघावी लागते, आणि वाट बघताना शेजारच्या स्टुलावरचा माणूस बोलायला लागतो, बर्फ किती पडला, ट्विन्सची (इथली बेसबॉल टीम) मॅच काय झाली, तुम्ही कुठले. मी इथे नवीन होतो तेव्हा या शहरातली ऑफिसबाहेरची माझी पहिली ओळख याच काउंटरवर झाली.

एक सूचना अगदी गंभीरपणे, बर्गर आला की लगेच चावू नका. तिथली वेट्रेसही सांगते. आतलं चीज जीभ आणि टाळू दोन्ही भाजतं. फ्राइज खा, बिअर प्या, चार-पाच मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात चीज थोडं घट्ट होतं आणि मांसातला रसही स्थिरावतो, चव उलट चांगली लागते.


खादाड_बंड्या

वाह वाह वाह. सकाळी सकाळी ऑफिसात वाचलं आणि आता डब्यातली भेंडी समोर आहे, काय करू सांगा. फोटो हवे होते राव.

एक शंका, चीज फुटून बाहेर येत नाही का? वाफ कोंडली की कडा उघडणारच ना?


थंडीतला_मराठी

@बंड्या, फुटतं कधीकधी, मग ते ग्रिडलवर सांडून कुरकुरीत जाळी होते आणि ती पण छान लागते. पण तिथल्या लोकांचे हात इतके बसलेत की फार क्वचित. कडा नीट दाबणं आणि आच मध्यम ठेवणं हेच सगळं आहे. घरी करणारे बरेच जण वरून टोचून बारीक भोक पाडतात, वाफ जायला.


ब्लूमिंग्टनची_माई

धागा चांगला आहे पण हे एकतर्फी झालं हं. सीडरवरच आणखी दक्षिणेला तीनेक मैल गेलात की ५८व्या रस्त्याला ५-८ क्लब लागतो, नावच त्या रस्त्यावरून. ते पण म्हणतात की हा बर्गर आम्हीच पहिला केला, आणि त्यांच्याकडे स्पेलिंग बरोबर आहे. आम्ही पहिल्यापासून तिकडचे. मुलांना घेऊन जायला मॅट्सपेक्षा सोपं, जागा मोठी, गाडी लावायला जागा, आतल्या चीजचे वेगवेगळे प्रकार मिळतात. माझा मुलगा पेपर जॅकवाला (मिरची घातलेलं चीज) घेतो दर वेळी.

आणि इतिहास म्हणाल तर ५-८ मॅट्सपेक्षा जुना. १९२८ साली चोरून दारू विकायचा अड्डा म्हणून सुरू झाला, दारूबंदीच्या काळात, तेव्हा तो भाग शहराच्या पार टोकाला. गंमत बघा, ज्या कायद्यामुळे सगळ्या अमेरिकेत दारूबंदी आली तो व्होल्स्टेड कायदा, ते अँड्र्यू व्होल्स्टेड मिनेसोटाचेच काँग्रेसमन, ग्रॅनाइट फॉल्स गावचे. १९२० ते १९३३ कायदा राहिला, मग बंदी उठली, आणि अड्डा मात्र बार होऊन राहिला. मला तरी तिथे बसल्यावर हे सगळं आठवून छान वाटतं.


थंडीतला_मराठी

माई, ५-८ ला कमी लेखायचं नव्हतं, तुमचा प्रतिसाद आला ते फार बरं झालं. पहिला कुणी केला याचा निकाल लागणार नाही आणि लागायची गरजही नाही असं मला वाटतं. दोघं एकाच रस्त्यावर, दोघंही पन्नासच्या दशकाचा हवाला देतात, टीव्हीवाल्यांनी पण दोघांना समोरासमोर बसवून स्पर्धा लावून झाली. या भांडणामुळेच लोक दोन्हीकडे जातात आणि मग भरलेला बर्गर ही या शहराची वस्तू झाली. शेजारच्या सेंट पॉल शहरात २००८ साली ब्लू डोअर पब निघाला, त्यांनी ब्लू चीज घालून स्वतःचा प्रकार काढला, ब्लूसी. तिकडेच हॅमलाइनवर द नूक आहे, खाली बोलिंग अ‍ॅली, तिथे पण एक आहे. सगळे चांगले आहेत. पण बाहेरून येणाऱ्याकडे एकच संध्याकाळ असेल तर मी मॅट्सच सांगणार, आणि कारण वर लिहिलंय ते, तवा डोळ्यासमोर असतो.

तुमच्या दारूबंदीवरून आठवलं ते लिहितो, कारण माझ्या मते यात बर्गरचं मूळ आहे. मिनियापोलिसने १८८४ साली ठरवलं की दारूचे गुत्ते फक्त शहराच्या मध्यावर आणि नदीकाठच्या ठराविक पट्ट्यातच चालतील, जिथपर्यंत पोलीस पायी गस्त घालू शकतात तिथपर्यंत. ही हद्द थेट १९७०च्या दशकापर्यंत होती. त्यामुळे बाहेरच्या वस्त्यांमधे, जिथे कामगार, कारकून, नर्सा राहायच्या, तिथे पक्की दारू विकता यायची नाही, सौम्य बिअरचे छोटे बार असायचे, ३.२ टक्केवाली बिअर. अजूनही इथल्या वाणसामानाच्या दुकानात बिअर मिळते ती तेवढ्याच टक्क्याची. आता विचार करा, हलक्या बिअरवर बार किती चालणार? माणसाला बसवून ठेवायचं तर गरम काहीतरी खायला हवं, स्वस्त हवं, आणि बारमागच्या एका तव्यावर होणारं हवं. कोपऱ्याकोपऱ्यावर बर्गरवाले बार निघाले ते असे असणार. मला त्यात कौतुकाचं हे वाटतं की कुणी नाव कमवायला काही केलं नाही, शेजारच्या चार गल्ल्यांतल्या माणसांसाठी केलं.


दुधाचा_इंजिनियर

मी डेअरीत काम करतो म्हणून राहवत नाही, चीजबद्दल लिहितो.

हा बर्गर चांगल्या, जुन्या, महागड्या चेडरने होणार नाही. अमेरिकन चीजच, म्हणजे प्रोसेस्ड चीज, यासाठी उत्तम. चीजमधे प्रथिनांचं एक जाळं असतं, केसिनचं, आणि ते कॅल्शियमने एकमेकांना धरून ठेवलेलं असतं, त्या जाळ्यात फॅट आणि पाणी अडकलेलं. मुरलेलं चेडर जास्त तापवलं की जाळं आकसतं, तूप वेगळं सुटतं आणि खाली रवाळ गोळा राहतो. प्रोसेस्ड चीज करताना त्यात सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेट घालतात, ते कॅल्शियमला बाजूला ओढतं, केसिन मोकळं होतं आणि फॅटला धरून ठेवतं. म्हणून ते कितीही तापलं तरी एकजीव वाहतं. जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ साली प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं तेव्हा हेतू होता चीज टिकावं, उन्हाळ्यात दुकानात खराब होऊ नये हा. वितळण्याचा गुण त्यासोबत आला.

आता विचार करा, बंद पॅटीच्या आत चीज दहा मिनिटं वाफेत शिजतंय, वरच्या चीजसारखं शेवटच्या मिनिटाला घातलेलं नाही. तिथे मुरलेलं चेडर कसं तग धरणार? लोक अमेरिकन चीजला नाकं मुरडतात, पण इथे तेच योग्य आहे आणि मॅट्सवाल्यांनी १९५४ मधे हाताशी होतं ते वापरलं तरी निवड बरोबरच ठरली.

आपल्याकडचं अमूलचं क्यूब किंवा स्लाइस याच जातीचं, त्यात पण सोडियम सायट्रेट असतं, पाकिटावर बघा. तेव्हा भारतात करून बघणाऱ्यांनी इम्पोर्टेड चीजच्या मागे लागू नका.


खादाड_बंड्या

दंडवत घ्या इंजिनियर साहेब. टोस्ट सँडविचवाला अमूलच का वापरतो ते आज कळलं.


पावसाळी_ताई

छान चाललीय चर्चा. मी आणि नवरा दोघं पुढच्या महिन्यात येतोय, त्याचं ट्रेनिंग आहे. आम्ही दोघंही बीफ खात नाही, मी अंडं-चिकन खाते, तो पूर्ण शाकाहारी. आमच्यासारख्यांनी अशा ठिकाणी जावं का? गेलो आणि नुसते फ्राइज खाऊन बसलो तर त्यांना वाईट नाही ना वाटणार? आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला बीफच्या वासाने कसंसं होतं, त्याचं काय करावं कळत नाही.


ब्लूमिंग्टनची_माई

ताई, मनावर कसलंही ओझं घेऊ नका. आमच्याकडे माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्या माळकरी, त्या फक्त घरी थांबल्या आणि आम्ही गेलो, कुणी कुणाला काही म्हटलं नाही. तुम्हाला वासाचाच त्रास होत असेल तर मॅट्सला नका जाऊ, जागा छोटी आहे आणि ग्रिडल समोर, वास कपड्यांना पण लागतो. नवऱ्यासाठी दुसरी गोष्ट, एकच तवा असतो, काहीही मागवलं तरी त्यावर बीफचंच सगळं झालेलं असतं. फ्राइजच्या तेलात आणखी काय तळतात ते विचारून घ्या, इथे विचारलं तर कुणी चिडत नाही, नीट सांगतात.

बाहेर बारचं वातावरण बघायचंच असेल तर मोठा मेन्यू असलेला एखादा नेबरहूड पब बघा आणि चीज कर्ड्स मागवा. ताज्या चीजचे गोळे तळलेले असतात, मिनेसोटा-विस्कॉन्सिनची खासियत, बऱ्याच बारमधे मिळतात. फक्त तेल आणि चीजमधलं रेनेट (दूध फाडायला घालतात ते, कधीकधी वासराच्या पोटातून काढलेलं असतं) हे दोन प्रश्न कडक शाकाहारी असाल तर विचारा. ऑगस्टअखेरीला आलात तर स्टेट फेअरला, म्हणजे मिनेसोटाच्या मोठ्या जत्रेला जा, तिथे खायला इतकं आहे की दोघांचंही होईल.


थंडीतला_मराठी

माईंनी सगळं नीट सांगितलं. ताई, माझी बायको पण बीफ खात नाही. ती येते, आत सोडा घेऊन बसते, तिला वासाचा त्रास नाही म्हणून जमतं. मी तिला कधी आग्रह केला नाही आणि करणारही नाही. आपल्याकडे हा विषय श्रद्धेचा आहे, घराघरातला आहे, या धाग्यावर कुणी कुणाला चिडवू नये ही विनंती.


मॅनहॅटनी

उत्तम धागा. पण जुन्या बारचा बर्गर म्हटल्यावर न्यूयॉर्कला कसं वगळता? थर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ७४व्या रस्त्याला जे.जी. मेलन, १९७२ पासून, हिरवं-पांढरं चेक्सचं टेबलक्लॉथ, जिकडे तिकडे कलिंगडाची चित्रं, आणि साधा बर्गर. ५५व्या रस्त्याला पी.जे. क्लार्क्स, लाल विटांची छोटी इमारत, आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी ती तशीच. ग्रेनिच व्हिलेजमधे कॉर्नर बिस्ट्रो. आणि सगळ्यात वर मिनेटा टॅव्हर्न. १९३७ चा टॅव्हर्न, २००९ मधे रेस्टॉरंटवाले कीथ मॅकनॅली यांनी नव्याने उघडला आणि ब्लॅक लेबल बर्गर आणला, ड्राय एज केलेल्या (थंड जागी बरेच दिवस मुरवलेल्या) मांसाचा, मांसविक्रेते पॅट लाफ्रीडा यांच्याकडचं खास मिश्रण. तेव्हा २६ डॉलर किंमत होती आणि शहरभर त्यावर वाद झाला होता. मी खाल्लाय. मांसाची जी चव तिथे लागते, भाजलेल्या शेंगदाण्याजवळ जाणारी, ती चीज भरलेल्या बर्गरमधे लागणं शक्य नाही. चीजने मांस झाकून जातं. तेव्हा बर्गरसाठी प्रवास करायचा तर मांसासाठी करावा असं मी म्हणेन.


शिकागोचा_जावई

मग शिकागोने काय घोडं मारलंय? बिली गोट टॅव्हर्न! मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या खालच्या मजल्यावर, म्हणजे रस्त्याखालच्या रस्त्यावर, जिना उतरून जायचं, १९६४ पासून तिथे. विल्यम सियानिस हे ग्रीसहून आलेले गृहस्थ, त्यांनी १९३४ मधे पहिला बार घेतला. १९४५ च्या वर्ल्ड सिरीजला (बेसबॉलची अंतिम स्पर्धा) ते आपला पाळलेला बोकड घेऊन रिगली फील्ड मैदानावर गेले, बोकडाचं तिकीट काढलं होतं, तरी बाहेर काढलं, म्हणून म्हणे त्यांनी शाप दिला की कब्ज (शिकागोची बेसबॉल टीम) आता जिंकणार नाही. आणि खरंच २०१६ पर्यंत वर्ल्ड सिरीज जिंकले नाहीत. आमच्या सासऱ्यांनी २०१६ ला टीव्हीसमोर हात जोडले होते.

तेव्हा बाजूलाच वर्तमानपत्रांची ऑफिसं होती, त्यामुळे पत्रकारांचा अड्डा, शिकागोचे प्रसिद्ध स्तंभलेखक माइक रॉयको तिथेच बसायचे. १९७८ मधे सॅटर्डे नाइट लाइव्ह या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात त्या बारवरून स्किट झालं तेव्हापासून टुरिस्ट. बर्गर पातळ आहे, कायझर रोल नावाच्या गोल पावात, डबल घ्या. चवीत मॅनहॅटनी म्हणतात तसं काही नाही, पण तिथे बसलं की शिकागो कळतं.


थंडीतला_मराठी

मॅनहॅटनी, मिनेटाबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटतंच, ड्राय एज मांसाची चव या बर्गरमधे नाही, मी तसं म्हणणारही नाही. पण तुम्ही म्हणता चीजने मांस झाकतं, त्याबद्दल थोडं. मॅट्सच्या बर्गरमधे मांस ताज्या खिम्याचं, चांगलं चरबीवालं असतं, आणि दोन्ही बाजूंनी खरपूस कड येते. पहिले दोन घास कडेचे असतात, त्यात चीज नसतंच, नुसतं मांस, कांदा, पिकल. मग मधे पोचलात की खारट चीज येतं. म्हणजे एकाच बर्गरमधे चव बदलत जाते. आणि बहुतेक बर्गरमधे शेवटचे घास कोरडे, गार असतात, इथे मधला भाग सगळ्यात शेवटपर्यंत गरम असतो.

फरक मला दुसरीकडे वाटतो. मिनेटात शेफने विचार करून, मांसवाल्याबरोबर बसून बर्गर घडवला, आणि जुना टॅव्हर्न त्याला सुंदर जागा म्हणून मिळाला. त्यात वाईट काही नाही. बिली गोटला गोष्ट मोठी, बर्गर तिच्या मागून चालत आला. मॅट्समधे मात्र दोन्ही एका जागी आहेत, गोष्ट पण त्या बर्गरचीच आहे आणि बर्गर पण त्याच गल्लीतल्या माणसांचा आहे. २०१४ च्या जूनमधे ओबामा आले होते इथे, राष्ट्राध्यक्ष असताना, जूसी लूसी खाऊन गेले, जगभर बातमी झाली. त्यानंतर गर्दी वाढली पण मेन्यू वाढला नाही, ग्रिडल मोठं केलं नाही, शेजारचं दुकान घेऊन भिंत पाडली नाही. इतकी प्रसिद्धी मिळाल्यावर न बदलणं फार अवघड असतं, आपल्याकडच्या कितीतरी जुन्या खानावळी टीव्हीवर आल्यावर दोन वर्षांत एसी हॉल काढून बसल्या आणि चव गेली. म्हणून मला या बारबद्दल आदर आहे, नुसती आवड नाही.


तांबडा_पांढरा

नमस्कार मंडळी, कोल्हापूरहून. धागा वाचून गप बसवंना म्हणून करून बघितला, मटणाचा. बघा की कसा केला ते, लई भारी झाला.

मटणाचा खिमा एका बर्गरला १६०-१७० ग्रॅम धरा. खाटकाला सांगून थोडी चरबी घालून काढून घ्यायचा, नुसता लाल खिमा कोरडा होतोय. खिम्यात मीठ मळू नका, मीठ घालून मळलं की कबाबासारखं घट्ट बसतंय, बर्गर मोकळा राहत नाही. मीठ-मिरपूड तव्यावर टाकायच्या आधी वरून. दोन सारख्या चकत्या करायच्या, बनपेक्षा थोड्या मोठ्या, आकसतात म्हणून. अमूल स्लाइस दुमडून चौकोन करून मधे, कडेला बोटभर जागा सोडायची, दुसरी चकती वर, कडा चिमटून बंद. अर्धा तास फ्रीजमधे ठेवला की फुटत नाही.

बिडाचा तवा, मध्यम आच, एका बाजूला पाच मिनिटं, हात लावायचा नाही, उलथन्यानं दाबायचा तर अजिबात नाही. उलटला की काडीनं एक भोक. त्याच चरबीत बाजूला कांदा टाका लांब चिरून. बन तिथंच शेकून घ्यायचा. घरच्यांनी तेल-मसाला, कोथिंबीर घाला म्हणून गलका केला पण पहिल्यांदा साधाच करा, चीजची चव कळाली पाहिजे. दुसऱ्या वेळी कांद्यात कांदालसूण मसाला चिमूटभर घातला, ते पण झकास.


दुधाचा_इंजिनियर

@तांबडा_पांढरा, एकदम शास्त्रशुद्ध. एकच भर, खिमा आतपर्यंत शिजला पाहिजे, अख्ख्या तुकड्यासारखं आत कच्चं ठेवून चालत नाही कारण दळताना बाहेरचे जंतू आत जातात. अमेरिकेत बीफ-मटण खिम्याला ७१ अंश सेल्सियस आणि चिकन खिम्याला ७४ सांगतात. थर्मामीटर असेल तर मांसाच्या थरात आडवा खुपसा, चीजमधे नको, त्यावरून मांस शिजलं का ते कळत नाही.


पावसाळी_ताई

मी चिकन खिम्याचा करेन घरी, ७४ लिहून ठेवलं. आभार सगळ्यांचे, माझ्यासाठी एवढं लिहिलंत.


बॅग_भरून_तयार

मी दोन दिवसांसाठी येतोय, एकटा, गाडी नाही. एअरपोर्टजवळ हॉटेल. मॅट्सला जायचं पक्कं केलंय. ट्रेनने जमेल का? कधी जाऊ म्हणजे रांग नसेल? एकट्याला बरं वाटेल का तिथे?


थंडीतला_मराठी

जमेल. एअरपोर्टवरून डाउनटाउनकडे जाणारी ब्लू लाइन पकडा, ३८व्या रस्त्याच्या स्टेशनला उतरा, तिथून पश्चिमेकडे सीडरपर्यंत आणि मग तीन रस्ते उत्तरेला. वीस-पंचवीस मिनिटं चाल आहे. थंडीत येत असाल तर उबर करा, जानेवारीत ती चाल नको. शुक्रवार-शनिवार संध्याकाळी रांग दाराबाहेर येते, त्यामुळे आडवारी दुपारी दोन ते चारच्या मधे जा. रोख पैसे जवळ ठेवा, हा बार वर्षानुवर्षं रोखीवर चालायचा.

एकटा असाल तर उलट उत्तम, बूथची वाट न बघता काउंटरचं स्टूल मिळतं. ग्रिडलच्या समोरचं मिळालं तर सोडू नका. एक लूसी, अर्धी टोपली फ्राइज, एवढं एका माणसाला भरपूर होतं. आणि कांदा हवा का विचारतील, हो म्हणा.


बॅग_भरून_तयार

जाऊन आलो! आधी मनापासून आभार. तुम्ही सांगितलेलं तसंच केलं, बुधवारी तीनला पोचलो, काउंटरवर जागा मिळाली. बसल्याबसल्या शेजारच्या आजोबांनी विचारलं पहिल्यांदा आलास का, आणि बर्गर आला तेव्हा माझा हात धरून म्हणाले थांब. स्वतः बाजूच्या गल्लीत राहतात, नोकरी लागली तेव्हापासून येतायत. त्यांनीच सांगितलं की बर्गर कागदातून पूर्ण काढायचा नाही, खालचा अर्धा कागदातच ठेवायचा म्हणजे रस हातावर येत नाही.

चवीबद्दल, मला वाटलं होतं खूप चीज म्हणजे जड होईल. तसं झालं नाही, पिकलमुळे आणि कांद्याच्या गोडव्यामुळे. मांसाची कड खरंच कुरकुरीत होती. मॅनहॅटनी म्हणाले ते एका अर्थी बरोबर आहे, चीज पुढे येतं, पण मला ते आवडलं. आता परतीच्या विमानाआधी तीन तास मोकळे आहेत, माईंच्या ५-८ क्लबला जाणं होईल का? बॅग बरोबर असणार.


ब्लूमिंग्टनची_माई

होईल की! एअरपोर्टपासून गाडीने दहा मिनिटं. बॅग घेऊन आत बसलं तरी चालतं, विमानाला जाणारे बरेच जण तसेच येतात. पेपर जॅकवाला घ्या आणि मग इथे येऊन प्रामाणिकपणे लिहा कुठला जास्त आवडला. थंडीतल्या मराठीला वाईट वाटलं तरी चालेल.


थंडीतला_मराठी

नाही वाटणार माई, लिहू द्या त्यांना. फक्त सिक्युरिटीला वेळ ठेवून निघा, आणि तिथे पण चार मिनिटं थांबा.